घरच्या स्विमिंग पूलचा पंप: आधी लिटर, मग हेड, एचपी सगळ्यात शेवटी

पूलसाठी पंप घ्यायला गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा देऊ?" उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं. शेजारच्या बंगल्यात दीडचा आहे, मग आपण दोनचा घेऊ, उगाच कमी पडायला नको. गच्चीवरच्या टाकीसाठी हा हिशेब कसाबसा निभावतो. पूलला तो महागात पडतो, आणि फक्त वीजबिलात नाही. मोठा पंप फिल्टरमधली वाळू नाल्यात फेकतो, पाणी गढूळच ठेवतो आणि तळाच्या जाळीवर धोकादायक ओढ निर्माण करतो.

टाकी आणि पूल यांत मुळातच फरक आहे. टाकीचा पंप पाणी खालून वर चढवतो, त्याची ताकद उंचीवर खर्च होते. पूलचा पंप पाणी पूलमधून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि परत त्याच पूलमध्ये सोडतो. पाणी जिथून निघालं त्याच पातळीला परत येतं, म्हणून उंचीचा हिशेब जवळजवळ शून्य. पंपाला झगडावं लागतं ते पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह आणि वाळूच्या अडथळ्याशी. त्यामुळे इथे पाणी भरपूर आणि दाब बेताचा हवा. टाकीच्या मोनोब्लॉकचं (मोटर आणि पंप एकाच अंगात असलेल्या साध्या पंपाचं) याच्या बरोबर उलट असतं.

पाणी मोजा

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घ्या, तिघांचा गुणाकार करा, हजाराने गुणा, लिटर मिळाले. सरासरी खोली म्हणजे उथळ टोक आणि खोल टोक यांची बेरीज भागिले दोन, पण तळाचा उतार सरळ असेल तरच. पायऱ्या, बाकडी किंवा मध्येच एकदम खोल होणारा भाग असेल तर तुकडे पाडून मोजा. खोली कोपिंगपासून (पूलच्या काठावरच्या फरशीपासून) नव्हे, पाण्याच्या रेषेपासून धरायची. इथे १५ सेंटीमीटरची चूक सहज होते.

गोल पूल असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले खोली. किडनीच्या आकाराला त्याच्याभोवती बसणाऱ्या आयताच्या तीन चतुर्थांश ते ८५ टक्के धरा. पूल आधीच बांधलेला असेल आणि नकाशा हरवला असेल तर सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे पहिल्यांदा भरताना किती टँकर लागले ते. दहा हजार लिटरचे चार आणि वर थोडं, एवढी आठवणसुद्धा निवडीला पुरते.

पुढच्या हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. रो-हाउसच्या मागच्या अंगणात ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद पूल. उथळ टोक १.१ मीटर, खोल टोक १.५ मीटर. सरासरी १.३. म्हणजे ४१.६ घनमीटर, ४१,६०० लिटर.

ताशी किती लिटर

पूलमधलं सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरायला लागणारा वेळ म्हणजे टर्नओव्हर. घरगुती पूलला सहा ते आठ तास धरतात. ठाणे आणि नवी मुंबईत सहा धरा. एप्रिल-मे मध्ये इथलं पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात शेवाळ लवकर धरतं आणि उन्हाने क्लोरीन झपाट्याने उडतं. शिवाय येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिक हिलवर झाडांचा पाला असतो, आणि नव्या बांधकामांच्या भागात धुळीचा थर रोजचाच.

४१,६०० भागिले ६ म्हणजे ताशी सुमारे ७,००० लिटर, मिनिटाला ११६ लिटर. हा तुमचा पहिला आकडा. कागदावर लिहून ठेवा. पंपाची सगळी निवड याच्याभोवती फिरते.

आठ-दहा हजार लिटरच्या छोट्या प्लंज पूलला या हिशेबाने ताशी तेराशे ते सतराशे लिटरच पुरतात. पण पूलसाठीचे सगळ्यात लहान पंपही साधारण त्याच्या तिप्पट पाणी देतात. तिथे सगळ्यात लहान मॉडेल घ्यायचं आणि तास कमी चालवायचं. आणखी डोकं चालवायची गरज नाही.

धबधबा, स्पा जेट किंवा कारंजं असेल तर त्याचं पाणी या आकड्यात मिसळू नका. रुंद पडद्यासारख्या धबधब्याला फुटामागे मिनिटाला साधारण ४० ते ६० लिटर लागतात. तीन फुटांचा धबधबा म्हणजे आपल्या पूलच्या संपूर्ण फिल्टरेशनपेक्षा जास्त पाणी. तो दिवसातून तासभर चालणार, तर त्याला वेगळा पंप द्या. रविवारी संध्याकाळी पाहुणे येतात म्हणून आठवडाभर दोन एचपी फिरवण्यात अर्थ नाही.

हेड: पाण्याला वाटेत किती अडथळा

हेड म्हणजे हा अडथळा ओलांडायला पंपाला द्यावा लागणारा दाब; तो पाण्याच्या उंचीत, मीटरमध्ये मोजतात. एक बार दाब म्हणजे साधारण १०.२ मीटर.

आधी पाइप. बाजारात ५०, ६३ आणि ७५ मिलीमीटरचे यूपीव्हीसी पाइप मिळतात. हे माप बाहेरच्या व्यासाचं. ताशी ७,००० लिटर पाणी ५० मिलीमीटरच्या पाइपमधून नेलं तर १०० मीटरला साधारण साडेतीन मीटर हेड खर्च होतं. तेच ६३ मध्ये एक मीटरच्या जरा वर. फरक तिपटीचा, आणि पाइपच्या किमतीतला फरक एकूण खर्चात किरकोळ. म्हणून नव्या पूलला ६३ च टाका, निदान सक्शनला (पूलमधून पाणी ओढणाऱ्या बाजूला) तरी. सक्शनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवायचा; त्यापुढे पंपाच्या तोंडाशी पोकळी पडते आणि आत खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागतो.

६३ च्या प्रत्येक नव्वद अंशांच्या एल्बोला दीड-पावणेदोन मीटर सरळ पाइप धरा. प्लंबरने कोपऱ्यात जागा वाचवायला चार एल्बो जास्त घातले, तर त्याने सहा-सात मीटर पाइप वाढवल्यासारखंच आहे. आपल्या उदाहरणात २२ मीटर पाइप, १२ एल्बो आणि व्हॉल्व्ह मिळून ५० मीटरसारखा अडथळा होतो, म्हणजे ६३ मध्ये साधारण अर्धा मीटर हेड.

आता बाकीचं. स्किमर (पृष्ठभागावरचा कचरा ओढणारं काठाजवळचं तोंड), तळाची जाळी आणि पाणी परत सोडणारे इनलेट मिळून दीड मीटर. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणारा) एक मीटर. स्वच्छ सँड फिल्टर अडीच मीटर. एकूण साडेपाच. आणि फिल्टर कचऱ्याने भरत जातो तसा दाब वाढतो. अर्धा बार, म्हणजे आणखी पाच मीटर वाढले की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायची. थोडक्यात, तुमचा पंप एका ठरावीक हेडवर कधीच चालत नाही. बॅकवॉशनंतर साडेपाचवर, बॅकवॉशच्या आदल्या दिवशी साडेदहावर. पंप घेताना लोक हीच गोष्ट सोडून देतात.

जुना पंप बदलायचा असेल तर हे सगळं मोजत बसू नका. फिल्टरवरचं प्रेशर गेज वाचा आणि पंपाच्या बास्केटच्या (पानं अडवणाऱ्या जाळीदार डब्याच्या) चेंबरला असलेल्या ड्रेन प्लगच्या जागी तासभर व्हॅक्यूम गेज लावा. बार गुणिले १०.२, अधिक पाऱ्याचे मिलीमीटर गुणिले ०.०१३६. समजा फिल्टरवर ०.८ बार आणि सक्शनला १२० मिलीमीटर आलं, तर ८.२ अधिक १.६, म्हणजे ९.८ मीटर. हे तुमच्या पाइपलाइनने स्वतः दिलेलं उत्तर आहे, कुठल्याही अंदाजापेक्षा खरं. सक्शनचा आकडा २०० च्या वर जात असेल तर दोष पंपात नाही. सक्शन पाइप बारीक आहे, जाळी तुंबली आहे किंवा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे. तिथे मोठा पंप बसवलात तर आवाज वाढेल, पाणी नाही.

फिल्टर आणि पंप एकत्र निवडा

वाळूतून पाणी हळू गेलं तरच कचरा वाळूत अडकतो. घरगुती फिल्टरला दर चौरस मीटर वाळूमागे ताशी ३० ते ४० हजार लिटर चांगले, ५० हजार ही वरची मर्यादा. त्यापुढे पाणी वाळूत वाटा पाडतं आणि बारीक माती सरळ पूलमध्ये परत येते. पंप मोठा, फिल्टर लहान, पाणी कायम दुधाळ, आणि घरमालक महिनोन्‌महिने तुरटी आणि क्लॅरिफायर ओततोय, असे पूल कमी नाहीत.

५०० मिलीमीटर व्यासाच्या फिल्टरचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. कमाल ताशी ९,८०० लिटर. ६०० चं ०.२८३, कमाल १४,१००, आणि आरामात ११,३००. फक्त ७,००० चा आकडा बघितला तर ५०० पुरेसा वाटतो. पण बॅकवॉश झाल्यावर हेड साडेपाचवर आलं की तोच पंप ताशी अकरा हजार लिटर पाणी देऊ लागतो, आणि ५०० चा फिल्टर मर्यादेबाहेर जातो. म्हणून या पूलला ६०० चाच फिल्टर घ्या. त्यात साधारण दीडशे किलो वाळू बसते, ०.४ ते ०.८ मिलीमीटर दाण्याची. बांधकामाची चाळलेली रेती चालत नाही. तिच्यातली माती महिनाभर पूलमध्ये उतरत राहते.

दुसरी बाजूही तपासायची. बॅकवॉशमध्ये वाळू उचलून खळबळून धुतली जायला हवी, त्यासाठी दर चौरस मीटरला ताशी ४० हजार लिटर तरी लागतात. ६०० च्या फिल्टरला ताशी सुमारे ११,००० लिटर. पंप एवढं पाणी कमी हेडवर देत नसेल तर बॅकवॉश नुसता नावाला होतो, वाळूचे गोळे बनतात आणि दोन वर्षांत वाळू बदलायची वेळ येते. उलट दुप्पट पाणी देणारा पंप असेल तर वाळूच ड्रेनमधून निघून जाते. बॅकवॉशच्या काचेच्या नळीत पाण्याबरोबर दाणे सळसळताना दिसले तर समजा पंप जास्त झाला.

कर्व्ह वाचायचा कसा

खोक्यावर छापलेलं असतं, "कमाल हेड १६ मीटर, कमाल डिस्चार्ज ताशी १८,००० लिटर." हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल हेडवर पाणी शून्य असतं आणि कमाल पाण्याला हेड शून्य. तुमचा पूल या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालणार. म्हणून दुकानदाराकडे कर्व्ह मागा: आडव्या अक्षावर पाणी, उभ्यावर हेड, आणि उजवीकडे उतरत जाणारी रेषा. कर्व्ह नाही म्हणाला तर तो पंप सोडा.

आपल्या पूलसाठी त्यावर तीन बिंदू बघायचे. साडेदहा मीटरला ताशी ७,००० लिटर तरी मिळायला हवेत. आठ मीटरला नऊ-साडेनऊ हजार मिळाले तर उत्तम. आणि साडेपाच-सहाला आकडा ११,००० ते १४,००० च्या मध्ये राहायला हवा. जास्त हेडला पंप कमी पडू नये, कमी हेडला फिल्टरला जड होऊ नये. हे तीन बिंदू जुळवणारा पंप बहुतेक अर्धा ते पाऊण एचपीचा निघतो. होय, बेचाळीस हजार लिटरच्या पूलला. ताळा करून बघा: सेकंदाला २ लिटर पाणी १० मीटर हेडवर न्यायला पाण्याला लागणारी शक्ती १९६ वॅट. पंप आणि मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षम धरले तरी वीज ४९० वॅटच लागते.

दोन पंपांमध्ये अडलात तर ज्याचा कामाचा बिंदू रेषेच्या मध्याजवळ येतो तो घ्या. रेषेच्या अगदी उजव्या टोकाला चालणारा सेंट्रिफ्यूगल पंप जास्त अँपिअर ओढतो, मोटर तापते आणि उन्हाळ्यात व्होल्टेज उतरलं की वाइंडिंग जातं. टाकीला २५-३० मीटर चढवणारा मोनोब्लॉक पूलला लावला की नेमकं हेच होतं. शिवाय त्याला पानं अडवणारी बास्केट नसते आणि बिडाच्या बॉडीचा गंज क्लोरीनच्या पाण्यात उतरून टाइल्सवर तांबूस डाग पडतात. मोनोब्लॉक स्वस्त मिळतोय म्हणून मोहात पडू नका.

अमेरिकन बनावटीचा पंप बघत असाल तर कर्व्ह कितीच्या फ्रीक्वेन्सीचा आहे ते विचारा. तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. ६० चा कर्व्ह असलेला पंप आपल्याकडे एकषष्ठांश कमी वेगाने फिरतो. पाणी तेवढंच कमी होतं, पण हेड तीस टक्क्यांनी घसरतं. कागदावर जुळलेला पंप बसवल्यावर कमी का पडला, याचं कोडं बरेचदा इथे सुटतं.

वीज, आणि व्हेरिएबल स्पीड घ्यावा का

पाऊण एचपीचा पंप साधारण ०.८ किलोवॅट ओढतो. रोज आठ तास म्हणजे ६.४ युनिट, महिन्याला १९० च्या आसपास. दोन एचपीचा पंप दोन किलोवॅटच्या जवळ जातो. तेवढेच तास, महिन्याला ४८० युनिट. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, त्यामुळे हे वरचे जवळपास तीनशे युनिट एसी-फ्रिजच्या वापरावर चढतात आणि तुमच्या सगळ्यात महाग स्लॅबच्या दराने लागतात.

व्हेरिएबल स्पीड पंपाचं गणित असं की वेग अर्धा केला की पाणी अर्धं होतं, हेड चौथ्या हिश्श्यावर येतं आणि शक्ती आठव्या हिश्श्यावर. मोटरची गळती धरून प्रत्यक्षात वीज पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. तोच पंप अर्ध्या वेगाने १४ तास चालवला तर दिवसाला दोन-सव्वादोन युनिटमध्ये पूलचं पाणी दीड वेळा फिरतं, आणि हळू गेल्यामुळे वाळूत गाळलंही चांगलं जातं. आवाजही इतका कमी की रो-हाउसच्या भिंतीला लागून असलेल्या शेजाऱ्याची तक्रार येत नाही.

वर्षभर वापर असेल आणि पूल ३०-४० हजार लिटरच्या वर असेल तर आमच्या मते तो घ्यावा. फक्त मे महिन्यात नातवंडं आल्यावर भरणाऱ्या पूलला साधा एकाच वेगाचा पुरे. घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. सुरुवातीची काही मिनिटं तो पूर्ण वेगाने चालवून हवा बाहेर काढायची आणि बॅकवॉशही पूर्ण वेगानेच करायचा. दुसरं, सॉल्ट क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं यंत्र) असेल तर त्याला किमान प्रवाह लागतो. वेग फार उतरवला की त्याचा फ्लो स्विच ते बंद करतो आणि दोन दिवसांत पाणी हिरवं पडतं.

साध्या सिंगल फेज पंपाला पंख्याच्या रेग्युलेटरसारखं काहीतरी लावून वेग कमी करायचा जुगाड कोणी सुचवला तर ऐकू नका. मोटर जळते.

खाडीची हवा, पावसाळा आणि पंपाचं अंग

बॉडी काच-तंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकची, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, मोटर पूर्ण बंद आणि बाहेरून पंख्याने थंड होणारी, आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), इन्सुलेशन एफ क्लास. पाम बीच रोड, बेलापूर, कोलशेत अशा खाडीलगतच्या भागात यात तडजोड करू नका. खारट दमट हवा उघड्या मोटरचे टर्मिनल दोन पावसाळ्यांत खाते. पूल सॉल्ट क्लोरिनेटरवर असेल तर नेहमीच्या कार्बन-सिरॅमिक सीलऐवजी सिलिकॉन कार्बाइडचा मेकॅनिकल सील मागा.

पण हवेपेक्षाही जास्त पंप मारतं ते पंपरूममध्ये ठेवलेलं ॲसिड. पीएच उतरवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि क्लोरीनची बादली पंपाशेजारीच ठेवायची सवय सर्रास दिसते. झाकण बंद असलं तरी वाफ निघते आणि मोटरचे स्क्रू, कपॅसिटरची टोकं, स्टार्टरचे पॉइंट सगळं हिरवं-पांढरं होऊन जातं. वर ही दोन रसायनं एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही पंपरूमच्या बाहेर ठेवा, आणि एकमेकांपासूनही लांब. स्किमरमध्ये क्लोरीनची गोळी टाकून पंप बंद ठेवायचीही सवय मोडा. रात्रभर तिथे साचलेलं आम्लधर्मी पाणी सकाळी थेट पंपात जातं.

पंपरूम जमिनीखाली असेल तर मोटरखाली किमान ३० सेंटीमीटरचा कट्टा बांधा आणि फ्लोटवर चालणारा छोटा सम्प पंप ठेवा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भराव घालून वसवलेला, मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी उतरायला जागाच राहत नाही. पूल पावसात तुडुंब भरला तर मल्टिपोर्ट वेस्टवर (पाणी थेट बाहेर सोडणाऱ्या खुणेवर) टाकून पंपानेच पातळी उतरवता येते. मात्र ऐन पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका, बाहेरचं भूजल रिकाम्या पूलला खालून उचलतं. पूल वापरात नसला तरी पंप आठवड्यातून पंधरा मिनिटं फिरवा. चार महिने उभा राहिलेला पंप जाम होतो, आणि ऑक्टोबरमध्ये बटण दाबलं की नुसता गुणगुणतो.

जागा आणि जोडणी

पंप पाण्याच्या पातळीच्या खाली बसवता आला तर सगळ्यात उत्तम. पाणी आपसूक येतं, हवा धरायचा प्रश्न मिटतो, फक्त बास्केट काढण्यासाठी दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेत. पातळीच्या वर बसवायचा झाला तर सेल्फ प्रायमिंगच (स्वतः हवा काढून पाणी ओढणारा) घ्या आणि उंची दीड मीटरच्या आत ठेवा. कागदावर तीन मीटर लिहिलेलं असलं तरी ते नव्या सीलच्या, गळती नसलेल्या पंपाचं असतं.

सक्शन पाइप पूलकडून पंपाकडे सारखा चढत यायला हवा, मध्ये कुठेही उंचवटा नको. उंचवट्यात हवा साठते. पंपाच्या तोंडाआधी ३० सेंटीमीटर सरळ पाइप सोडा, एल्बो तोंडाला चिकटवू नका. पंपाचं तोंड ५० चं असलं तरी पाइप ६३ चाच ठेवून शेवटी रिड्यूसर लावा. दोन्ही बाजूंना युनियन हवेतच, नाहीतर सील बदलताना पाइप कापावा लागतो.

तळाला एकच जाळी असेल तर इथे जरा थांबा. एकाच जाळीवर पंपाची सगळी ओढ येते आणि पोहणाऱ्या मुलाचे केस किंवा अंग तिला चिकटलं तर मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत अशा अपघातांनंतर २००७ साली स्वतंत्र कायदा झाला. किमान दोन जाळ्या, एकमेकींपासून तीन फुटांहून लांब, एकाच पाइपला जोडलेल्या आणि वर फुगीर झाकणं. झाकण तुटलं असेल तर ते बदलेपर्यंत पंप बंद आणि पूलही बंद. मोठा पंप नको म्हणण्यामागचं सगळ्यात गंभीर कारण हेच.

विजेसाठी वेगळा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग. एक एचपीपर्यंत अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर पुरते. पंप पूलच्या काठापासून किमान साडेतीन मीटर लांब ठेवा. ओव्हरफ्लो पूलमध्ये, म्हणजे काठावरून पाणी सतत वाहणाऱ्या पूलमध्ये, पंप बॅलन्सिंग टँकमधून (ते पाणी साठवणाऱ्या टाकीतून) पाणी घेतो. तिथे पातळी उतरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लागतोच. कोरडा चाललेला पंप काही मिनिटांत सील जाळतो आणि प्लॅस्टिकची बॉडी आतून वाकवतो.

घेण्याआधी एक साधी चौकशी: सील, झाकणाची ओ-रिंग, बास्केट, इम्पेलर आणि कपॅसिटर सुटे मिळतात का, आणि कुठे? मोटरचं वाइंडिंग वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यात होतं, साधे बेअरिंग-सील नागदेवी स्ट्रीटला मिळतात. पण इम्पेलर आणि झाकण कंपनीचंच लागतं. त्यासाठी दीड महिना थांबावं लागणार असेल तर तोवर पूल हिरवा होतो.

चालू केल्यावर

पहिल्याच दिवशी, बॅकवॉश आणि रिन्सनंतर, गेजवरचा दाब फिल्टरवर मार्करने लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावरून. त्यात अर्धा बार वाढला की बॅकवॉश. दाब वाढण्याऐवजी उतरला तर अडथळा सक्शनला आहे: बास्केट भरली, स्किमरमध्ये पाणी कमी झालं किंवा पंप हवा ओढतोय.

इनलेटमधून बुडबुडे येत असतील आणि बास्केटचा चेंबर काठोकाठ भरत नसेल तर हवा येतेय. दहापैकी आठ वेळा झाकणाची ओ-रिंग निघते. ती पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. मोटर आणि पंपाच्या सांध्याखाली ओल किंवा पांढरे क्षार दिसले तर सील गेलं. ते त्याच आठवड्यात बदला, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि किरकोळ खर्चाचं काम मोटरवर जातं.

पंप कागदावर म्हणतो तेवढं पाणी देतो का, हे पहिल्या बॅकवॉशलाच तपासता येतं. आपल्या ८ गुणिले ४ च्या पूलचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ३२० लिटर गेले. टाइलवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलची खूण करा, बॅकवॉश सुरू करा आणि घड्याळ लावा. दोन सेंटीमीटर उतरायला साडेतीन मिनिटं लागली तर पंप ताशी ११,००० लिटर देतोय. पाच मिनिटं लागली तर तो आठ हजारांच्या खाली आहे. बास्केट साफ करून आणि सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे असल्याची खात्री करून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर बिल हातात असतानाच दुकानदाराला फोन लावा.